अ‍ॅडव्हान्स वॉर्सचा ऑनलाइन डाव जुळत नाही, जुळला तर मध्येच तुटतो: आमच्यापुरता सापडलेला इलाज

आधी दुखणं सांगतो, म्हणजे तुमचं तेच आहे का ते लगेच कळेल.

निन्टेंडो स्विच या गेमच्या मशीनवर अ‍ॅडव्हान्स वॉर्स १+२: री-बूट कॅम्प. मी कराडला, माझा आतेभाऊ, म्हणजे दादा, हिंजवडीला. रविवारी रात्री जेवणं उरकली की एक डाव, असं ठरलेलं. दोघांचं ऑनलाइन सदस्यत्व भरलेलं, दोघे एकमेकांच्या फ्रेंड लिस्टमध्ये, दोघांच्या घरी फायबर. तरी बहुतेक रविवारी हेच व्हायचं: मी खेळातली ऑनलाइन खोली उघडायची, दादा आत यायला बघायचा, ते चक्र गरगर फिरायचं आणि शेवटी पडद्यावर २६१८-०५१६ हा आकडा यायचा. पुन्हा खोली, पुन्हा चक्र, पुन्हा आकडा. कधी नशिबाने जुळलंच, तर खेळातल्या चौथ्या-पाचव्या दिवशी संपर्क तुटायचा आणि डाव तिथेच मरायचा.

ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. ‘जुळतच नाही’ हे एक आणि ‘जुळून तुटतं’ हे दुसरं. आम्ही चार महिने दोन्हींना एकच औषध देत बसलो आणि म्हणून एकही बरं झालं नाही. दोष गेमचा नव्हता आणि मशीनचाही नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मी गेम दोनदा काढून पुन्हा टाकला, तुम्ही ते कष्ट घेऊ नका.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या पाळीत आपले सगळे रणगाडे, तोफा, पायदळ हलवायचं, कारखान्यातून नवीन माल काढायचा आणि दिवस संपवायचा. मग समोरच्याची पाळी. ही जुनी घराणेदार मालिका आहे. मूळ पुरुष म्हणजे १९८८ चा फॅमिकॉम वॉर्स. अ‍ॅडव्हान्स वॉर्स हे नाव २००१ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आलं आणि त्याच्या पहिल्या दोन भागांची ही नवी आवृत्ती २१ एप्रिल २०२३ ला स्विचवर आली. एकाच मशीनवर हातातून हातात देऊन चौघांपर्यंत खेळता येतं. दिवाळीला सगळे जमले की आम्ही तसंच खेळतो आणि तेव्हा अर्थातच काही तुटत नाही. ऑनलाइन मात्र फक्त दोघे, तेही फ्रेंड लिस्टमधलेच. अनोळखी माणसाशी जोडी लावून देण्याची सोय नाही. म्हणजे ‘दादाशी जुळत नाही तर दुसऱ्या कोणाशी खेळू’ ही पळवाटच नाही. या दोन घरांमधलाच रस्ता दुरुस्त करायचा.

आता सल्ले. पहिला सल्ला जो तो देतो: प्लॅन वाढव. मी वाढवला. १०० एमबीपीएसचा २०० केला. सिनेमे झकास दिसायला लागले, डाव तसाच अडलेला. थोडा विचार केला असता तर पैसे वाचले असते. या खेळात एका चालीत काय पाठवायचं असतं? ‘हा रणगाडा या चौकोनातून त्या चौकोनात गेला आणि याच्यावर गोळा टाकला.’ पूर्वी तार यायची तेवढा मजकूर. त्यासाठी चौपदरी रस्ता लागत नाही, दार उघडं लागतं. माझी सगळी गडबड इथेच झाली. मी रस्ता रुंद करत बसलो आणि दाराला कुलूप.

दार म्हणजे काय ते सांगतो, कारण हे कळलं की पुढचे निम्मे उपाय तुमचे तुम्हालाच सुचतील.

घरातल्या सगळ्या यंत्रांना, म्हणजे फोन, टीव्ही, लॅपटॉप, स्विच यांना राउटर आतले पत्ते देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे. बाहेरच्या जगाला मात्र घराचा एकच पत्ता दिसतो. ही जी अदलाबदल राउटर करतो तिला नॅट म्हणतात. सोसायटीच्या वॉचमनसारखं समजा. फ्लॅटमधल्या कोणी फोन करून पार्सल मागवलं असेल तर वॉचमनकडे नोंद असते, पार्सलवाल्याला तो वर सोडतो. पण न सांगता कोणी दारात आलं आणि ‘मला पाटलांकडे जायचंय’ म्हणालं, तर कुठल्या पाटलांकडे? वॉचमन परत पाठवतो. यूट्यूब, बँक, ईमेल हे सगळं आपण बोलावल्यावर येतं, म्हणून तिथे कधी अडत नाही. स्विचवरच्या कित्येक ऑनलाइन खेळांत मात्र दोन मशीन थेट एकमेकांशी बोलतात. त्यात कोणाला तरी न बोलावता दुसऱ्याच्या दारात जावंच लागतं. दोन्हीकडचे वॉचमन कडक असतील तर दोघे आपापल्या गेटाबाहेर उभे. २६१८-०५१६ चा अर्थ एवढाच: दोन घरांमध्ये वाट सापडली नाही.

तेव्हा पहिलं काम, आपला वॉचमन किती कडक आहे ते बघा. सिस्टिम सेटिंग्ज, त्यात इंटरनेट, त्यात टेस्ट कनेक्शन. अर्ध्या मिनिटात निकाल येतो. डाउनलोड-अपलोडच्या आकड्यांकडे बघू नका, ‘नॅट टाइप’ लिहिलेली ओळ बघा. ए किंवा बी असेल तर बहुतेकांशी जुळतं. सी असेल तर समोरचा कसा आहे त्यावर. डी म्हणजे समोर ए असेल तरच आशा. एफ आलं तर यूडीपी नावाची वाहतूकच कोणीतरी अडवून धरली आहे, ते ऑफिसच्या किंवा हॉस्टेलच्या वायफायवर दिसतं.

हे दोन्ही घरी करायचं. इथे आम्ही पहिली चूक केली: चार महिने फक्त मी टेस्ट करत होतो. माझं डी. दादाला विचारलं की तो म्हणायचा, ‘माझं नेट मस्त आहे रे, तुझं बघ.’ त्याचं बी होतं, हे खूप उशिरा कळलं. डी आणि बी. जमणार कसं?

मग मी माझं घर खणायला घेतलं.

आमच्याकडे केबलवाल्याने बसवलेला फायबरचा डबा टीव्हीमागे आहे. तिथून बेडरूमपर्यंत वायफाय पोचत नाही, म्हणून मी बाजारातून चांगला राउटर आणून त्याला वायर जोडली होती. स्विच त्या दुसऱ्या राउटरवर. राउटरच्या आतल्या पानावर जाऊन ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, पाहिला तर १९२.१६८.१.५. म्हणजे माझ्या राउटरला वाटत होतं तो बाहेरच्या जगाला जोडलाय, प्रत्यक्षात तो केबलवाल्याच्या डब्याच्या पोटात होता. एका वॉचमनच्या मागे दुसरा वॉचमन. गावोगावी ही परिस्थिती सर्रास आहे, कारण डबा त्यांचा आणि राउटर आपला. उपाय सोपा आहे: आपल्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असतो, तो चालू करायचा. मग तो पत्ते वाटणं सोडून फक्त वायफाय फेकतो. काही स्वस्त राउटरमध्ये हा मोड नसतो. त्यात पत्ते वाटणारं डीएचसीपी बंद करून, राउटरचा स्वतःचा पत्ता डब्याच्या पत्त्याशी भांडणार नाही असा ठेवून, वायर वॅनऐवजी लॅनच्या, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या, भोकात घातली की तेच काम होतं.

कुणाकुणाचं दुखणं इथेच संपतं. माझं नाही संपलं. टेस्ट केली, पुन्हा डी.

आता केबलवाल्याच्या डब्याचं पान उघडलं. पत्ता आणि पासवर्ड डब्याखालच्या स्टिकरवर असतो. त्यासाठी टीव्ही युनिट पुढे ओढावं लागलं आणि मागे हरवलेले दोन रिमोट सापडले, हा फायदा. तिथला वॅन आयपी १०० ने सुरू होणारा. शेजारी फोनवर ‘माझा आयपी काय’ शोधलं तर भलताच आकडा. हे दोन आकडे जुळले नाहीत की समजायचं, डब्याच्या पलीकडे आणखी एक गेट आहे आणि ते केबलवाल्याच्याही वर, कंपनीच्या ताब्यात आहे.

याला सीजीनॅट म्हणतात. कारण साधं आहे. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते संपले. जगाच्या कोठारातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले आणि आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आटला. आपल्याकडे घरोघरी फायबर आलं ते त्यानंतर. मग कंपन्यांनी काय करायचं? एका खऱ्या पत्त्यामागे शेकडो घरं बसवायची. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास बाजूला काढले गेले. तुमचा वॅन आयपी या पट्ट्यात असेल तर शंकाच नको. काही स्थानिक केबलवाले १० ने सुरू होणारा पत्ता देतात, अर्थ तोच.

आणि आता माझं सगळ्यात मोठं वाया गेलेलं काम सांगतो. मी पोर्ट फॉरवर्डिंग केलं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वॉचमनला लिहून देणं, की अमुक दारावर कोणी आलं तर थेट या फ्लॅटमध्ये सोड. दोन रविवार घालवले, व्हिडिओ बघून बघून केलं, एकेक आकडा तपासला. डी तो डीच. अहो, माझ्या गेटवरच्या वॉचमनला मी हजार चिठ्ठ्या दिल्या तरी पाहुणा आधी पलीकडच्या मोठ्या गेटावर अडतोय, तिथे माझी चिठ्ठी कोण वाचणार? सीजीनॅटमागे असाल तर पोर्ट फॉरवर्डिंग किंवा राउटरमधले दार उघडायचे दुसरे मार्ग, म्हणजे यूपीएनपी आणि डीएमझेड, यांतलं काहीही चालत नाही. आधी वॅन आयपी बघा, मगच पोर्टच्या मागे लागा. हा क्रम मला कोणी सांगितला असता तर दोन रविवार वाचले असते.

बाकीचे फसवे उपाय इथेच आटोपतो. डीएनएस बदलून ८.८.८.८ करा, असं अनेक जण सांगतात. डीएनएस म्हणजे फोनबुक, नावावरून नंबर शोधून देतं, गेट उघडत नाही. एमटीयू (एका वेळी पाठवायच्या पुडक्याचा आकार) १४०० आहे ते १५०० करा हाही तसलाच सल्ला, त्याने आमच्याकडे काही हललं नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर खेळून बघा, हे चाचणी म्हणून चांगलं आहे. माझ्या फोनवर तेही डीच आलं, कारण मोबाइल डेटाही बहुधा अशाच मोठ्या गेटामागून येतो. आणि राउटर बंद-चालू करणं. हे वाईट एवढ्यासाठी की कधीकधी ते चालतं. नवीन जोडणीत पत्ता किंवा वाट वेगळी मिळते, त्या रात्री डाव जुळतो आणि आपल्याला वाटतं इलाज सापडला. पुढच्या रविवारी पुन्हा गोल चक्र.

मग केबलवाल्याला फोन. तो संवाद जसाच्या तसा लिहितो, कारण तुमचाही असाच होणार आहे.

‘दादा, मला पब्लिक आयपी पाहिजे होता.’

‘स्पीड किती येतंय?’

‘स्पीड बरोबर आहे ओ. आयपी पाहिजे. आता सीजीनॅटमध्ये आहे.’

‘लॉसची लाईट लाल आहे का?’

‘नाही, लाल नाही. नेट चालू आहे.’

‘मग काय प्रॉब्लेम आहे?’

बिचाऱ्याचाही दोष नाही. त्याचं काम खांबावर चढून तुटलेली तार जोडायचं, त्याला रोज येणारे फोन लाल लाईटचेच, म्हणजे फायबरमधून सिग्नल येत नाही याचेच. दोन दिवसांनी त्याने वर विचारून कळवलं: आमच्या भागात घरगुती कनेक्शनला देत नाहीत, कंपनीच्या नावावर कनेक्शन घेतलं तर बघू. तुमच्याकडे देत असतील तर घ्या, सगळ्यात सरळ मार्ग तोच. मागताना ‘स्टॅटिक आयपी’ म्हणा, तो शब्द त्यांच्या दरपत्रकात असतो. खरं तर खेळायला पत्ता कायमचा तोच असायची गरज नाही, बदलता पण खरा पत्ता पुरतो. पण ‘पब्लिक डायनॅमिक’ असं म्हटलं की समोरून शांतता.

माझा रस्ता बंद झाला आणि तेव्हा कुठे ती टेस्टची यादी मी नीट वाचली. डी म्हणजे समोर ए असेल तरच आशा. ‘समोर ए असेल तर.’ म्हणजे दोघांनीही दारं उघडायची गरज नाही! एकाचं दार सताड उघडं असलं की दुसरा कितीही गेटांमागे असला तरी तो आपण होऊन बाहेर पडतो, उघड्या दारात जातो आणि त्याच्या परतीची नोंद त्याच्या सगळ्या वॉचमनकडे असतेच. मी घरात बसून माझ्या दाराशी झगडत होतो आणि गरज होती दादाच्या दाराची.

दादाला म्हटलं वॅन आयपी बघ. बघितला. फोनवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. त्याच्याकडे खरा पत्ता होता, पहिल्या दिवसापासून.

मग एका शनिवारी व्हिडिओ कॉलवर त्याच्या राउटरचं ऑपरेशन केलं. त्याने फोन उलटा धरून राउटरखालचं स्टिकर दाखवायचं, मी वाचायचं, मागून वहिनी विचारणार, ‘किती वेळ नेट बंद ठेवणार आहात?’ पायऱ्या अशा झाल्या.

आधी स्विचला घरातला कायमचा पत्ता दिला. स्विचच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये इंटरनेटच्या पानावर ‘मॅक ॲड्रेस’, म्हणजे नेटवर्कसाठीचा ओळख क्रमांक, दिसतो, तो राउटरच्या ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये टाकायचा आणि समोर एक पत्ता लिहायचा. ही पायरी गाळू नका. गाळली तर आज उघडलेलं दार उद्या दादाच्या ऑफिसच्या लॅपटॉपकडे जाईल, कारण राउटर पत्ते फिरवत राहतो. मग पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर तो पत्ता, प्रकार यूडीपी, सुरुवात १, शेवट ६५५३५. आकडे वाचून दादा दचकला. ‘अरे हे सगळंच उघडं ठेवायचं?’ मीही दचकलो होतो. पण निन्टेंडोच्या मदतपानावरही असाच लांबलचक पट्टा उघडायला सांगितला होता. उघडं राहतं ते फक्त त्या एका मशीनकडे जाणारं दार, तेही आपण न बोलावलेल्या वाहतुकीपुरतं. लॅपटॉपचं जे बोलणं आतून सुरू होतं त्याची नोंद राउटरकडे वेगळी असते. दादाला ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या व्हीपीएनची भीती होती, त्याला काही झालं नाही. तुम्हाला मनातून पटत नसेल तर खेळ संपल्यावर तो नियम बंद करून ठेवा, एक टिचकी लागते.

जतन केलं, राउटर उठला, दादाने टेस्ट केली. नॅट टाइप ए. मी खोलीत गेलो. चक्र एकदाच फिरलं आणि दादाचं नाव समोर. माझ्याकडे तेव्हाही डीच होतं, आजही आहे.

तीन आठवड्यांनी पुन्हा २६१८-०५१६ आला आणि माझा धीर सुटला. पण हे सोपं निघालं. दादाने नवीन ओएलईडी मॉडेलचा डॉक, म्हणजे स्विच टीव्हीला जोडायची बैठक, आणला होता, त्यात वायरची जागा असते. त्याने हौसेने लॅन केबल लावली. वायरचा मॅक ॲड्रेस वेगळा, वायफायचा वेगळा. राउटरच्या लेखी हे नवीनच मशीन होतं, त्याला नवीन पत्ता मिळाला आणि उघडं दार रिकाम्या खोलीत उघडत राहिलं. वायरने खेळणार असाल तर त्याच मॅकची नोंद करा.

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर पाळीपाळीचे खेळ खेळणाऱ्यांनीही हेच करून बघावं. नावं बदलतात. प्लेस्टेशनवर नॅट टाइप १, २, ३ असतात आणि ३ वाईट. एक्सबॉक्सवर ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट. पोर्टचे आकडेही वेगळे. दोघांतल्या एकाचं दार पूर्ण उघडं असलं की पुरतं, हे मात्र तिथेही लागू.

आता दुसरं दुखणं: जुळून तुटणं.

धुक्याचा नकाशा होता, म्हणजे समोरच्याची फौज जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. दादा नेहमीप्रमाणे ग्रिट घेऊन. या सेनापतीच्या तोफांचा पल्ला एक चौकोन जास्त असतो, त्यामुळे दादा डोंगरामागे तोफा रचून बसतो आणि मी जाऊन मरायचं अशी आमची परंपरा. त्या दिवशी मी चिलखती गाडीत एक पायदळ कोंबून कडेकडेने जंगलातून नेलं आणि थेट त्याच्या मुख्यालयावर उतरवलं. इमारत ताब्यात घ्यायला २० गुण खाली आणायचे असतात, पूर्ण ताकदीचं पायदळ एका दिवसात १० आणतं. पहिले १० आले. दादाची तोफ भलतीकडे लागली. माझी पाळी आली, आता एक बटण दाबायचं. पण मी शहाणपणा केला, उरलेल्या रणगाड्यांचीही नीट मांडणी करावी म्हणून विचार करत बसलो. आणि संपर्क तुटला.

‘मी काही केलं नाही,’ दादा म्हणाला. खरं बोलत होता. त्याने काहीच केलं नव्हतं आणि तेच कारण निघालं, पण ते नंतर.

मी एक वही केली. तुटलं की लिहायचं: वेळ, कोणाची पाळी, मशीन टीव्हीला होतं की हातात, लाईट गेली होती का. तुमच्याही घरी हेच आधी करा, अंदाज बांधत बसू नका. सहा नोंदी झाल्यावर बघितलं तर पाच वेळा माझी पाळी होती आणि माझी पाळी लांबली होती. माझं नेट खराब असतं तर त्याच्या पाळीतही तुटलं असतं.

स्विचमध्ये स्लीप मोडच्या पानावर ‘ऑटो स्लीप’ असतं, हातात धरून खेळतानाचं वेगळं आणि टीव्हीवरचं वेगळं. दादाने बॅटरी वाचवायला हातातलं ३ मिनिटांवर ठेवलं होतं. पळापळीच्या खेळात याने काहीच फरक पडत नाही, अंगठा सतत चालू असतो. पाळीपाळीच्या खेळात समोरचा विचार करतो तेव्हा आपण काहीच दाबत नाही. दादा तर माझी पाळी लांबतेय म्हटलं की मशीन सोफ्यावर ठेवून चहा टाकायला जायचा. तीन मिनिटांनी मशीन झोपलं की त्याच्या बाजूचा संपर्क गेला. परत येऊन बटण दाबलं की पडदा उजळायचा, म्हणून झोपलं होतं हे त्याच्या लक्षातच यायचं नाही. त्याला दिसायचं ते फक्त ‘संपर्क तुटला’.

ऑटो स्लीप दोन्हीकडे ‘नेव्हर’ करा. निदान खेळापुरतं. मशीन चार्जरला लावून बसा.

याच्याच जवळचं, होम बटण. पाळी आपली नाही म्हणून होम दाबून स्क्रीनशॉट बघत बसणं किंवा दुकानात डोकावणं टाळा. गेम मागे थांबून राहतो आणि फार वेळ तसाच राहिला की समोरच्याच्या लेखी तुम्ही गेलात. माझ्या हातून हे एकदा झालं आहे, वहीतली सहावी नोंद तीच समजायला हरकत नाही. पण त्याच वेळी आमच्याकडे लाईटही गेली होती, तेव्हा खात्रीने सांगत नाही.

लाईटचं म्हणाल तर, घरात इन्व्हर्टर असला तरी भागत नाही. लाईट जाऊन इन्व्हर्टर उचलेपर्यंत जो क्षण जातो, त्यात टीव्ही नुसता डोळा मिचकावतो पण फायबरचा डबा बंद पडून पहिल्यापासून सुरू होतो आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, डब्यामागे चिकटवता येतो. तो घेताना डबा किती अँपिअर मागतो ते अडॅप्टरवर वाचून घ्या आणि डबा व राउटर वेगळे असतील तर दोघांनाही पुरेल असा घ्या. मी पहिल्यांदा फक्त राउटरला लावला होता. लाईट गेली की वायफाय दिमाखात चालू, नेट गायब.

वायफायचं फार लिहीत नाही. भिंत एकच असेल तर ५ गिगाहर्ट्झ, दोन भिंती असतील तर २.४. आणि स्विच टीव्हीच्या मागे लोखंडी ग्रिलला टेकवून ठेवू नका.

वहीत गेल्या दोन महिन्यांत दोनच नोंदी आहेत. एक वादळात तार तुटली त्याची. दुसरी माझ्या भाचीने डब्याची पिन काढून स्वतःचा फोन चार्जिंगला लावला त्याची. त्यावर या लिखाणात उपाय नाही.

दादा पुढच्या महिन्यात वाकडला राहायला जातोय. नवीन सोसायटीत एकाच कंपनीचं नेट आहे, बाकीच्यांना बिल्डिंगमध्ये वायर टाकू देत नाहीत. त्याने स्पीड विचारला, ओटीटी फुकट कोणते ते विचारलं, बसवायला कधी येणार ते विचारलं. मी त्याला एकच प्रश्न लिहून पाठवलाय: ‘वॅनवर पब्लिक आयपी मिळतो की सीजीनॅट?’ त्यांचा माणूस म्हणाला, ‘सर, स्पीडला काही प्रॉब्लेम येणार नाही.’ दादा उद्या पुन्हा फोन करणार आहे.